अर्धं यंत्र कारखान्यात, अर्धं आपल्या भिंतीवर

कपिलधारला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतील. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. संत मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे, कार्तिकात दिंड्या येतात, आणि पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळतं. त्या धारेपासून दहा-वीस पावलं लांब उभं राहिलं तरी अंगाला गारवा जाणवतो. वरून पडणारं पाणी काही बर्फाचं नसतं. मग हवा थंड कशानं होते? पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात, त्यांची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते आजूबाजूच्या हवेतून काढून घेतात. हवेतली उष्णता कमी झाली, की आपण म्हणतो गार वाटतं.

आज मला घरी बसवायच्या स्प्लिट एसीबद्दल बोलायचं आहे, आणि त्याची सगळी विद्या या तुषारांत आहे. कवीला एसीचं काय पडलंय, असं कोणी म्हणेल. मी बी.ए. झालेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण आमच्या शेजारच्या पोरानं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला आणि तो आता हेच काम करतो. गेले काही उन्हाळे मी त्याच्याबरोबर लोकांच्या गच्च्यांवर उभा राहिलो, प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं, आणि त्याची उत्तरं पुस्तकांतून ताडून पाहिली. तो मला एकदा म्हणाला, "चाचा, फ्रिज कारखान्यातून पुरा होऊन येतो. स्प्लिट एसी अर्धाच येतो. उरलेला आम्ही भिंतीवर बनवतो." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसं दुकानात कंपनी कोणती, स्टार किती, यावर दोन-दोन तास घालवतात. मात्र उरलेलं अर्धं यंत्र ज्या तासा-दीड तासात तयार होतं, तेव्हा चहा करायला आत निघून जातात.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. आम्ही कवी लोक 'थंडी' हा शब्द असा वापरतो, जणू ती कुठून तरी येणारी वस्तू आहे. विज्ञानात थंडी नावाची वस्तूच नाही. आहे ती उष्णता, आणि ती कमी-जास्त होते. एसी खोलीत थंडी सोडत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो हमाल आहे. हमालाला रस्ता अरुंद मिळाला, बाहेर माल टाकायला जागा मिळाली नाही, तर तो थकणार. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

उष्णता उचलायची कशी? इंजेक्शनच्या आधी कंपाउंडर दंडाला स्पिरिट लावतो, तिथं गार लागतं. स्पिरिट भराभर उडतं आणि उडताना कातडीची उष्णता नेतं. माठ झिरपतो आणि पाणी गार होतं, तेही तसंच. जुन्या ट्रकवाल्यांच्या पुढं टांगलेली कॅनव्हासची छागल आठवत असेल, तिचंही तेच. पण माठातलं आणि छागलीतलं पाणी उडून जातं, परत येत नाही. एसीतली युक्ती अशी, की उडालेला द्रव पकडून पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा उडवायचा. बंद नळीत तोच तो पदार्थ वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्याला बाजारात सगळे 'गॅस' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता पकडायचा कसा, तर दाबानं. गृहिणींना हे आमच्यापेक्षा चांगलं समजेल. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून ते १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वरला, उंचीमुळे हवेचा दाब कमी, तिथं पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळतं. म्हणजे कुठला द्रव किती अंशांवर उकळणार हे दाबावर ठरतं. दाब आपल्या हातात असेल, तर उकळण्याचा बिंदूही आपल्या हातात.

हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांवर उकळतो. यंत्रात त्याला दाबाखाली ठेवून असं जमवलेलं असतं, की आतल्या युनिटच्या नळ्यांत तो साधारण दहा अंशांच्या आसपास उकळावा. खोलीतली हवा तीस-पस्तीस अंशांची. दहा अंशांच्या नळीवरून ती फिरली की तिची उष्णता नळीत जाते आणि आतला द्रव उकळून वाफ होतो. ही वाफ तांब्याच्या नळीनं बाहेरच्या युनिटमध्ये जाते. तिथं कॉम्प्रेसर, म्हणजे विजेवर चालणारा पंप, तिला दाबतो. दाबली की ती तापते, नळीला हात लावला तर भाजेल इतकी. मग ती मागच्या जाळीदार कॉइलमधून जाते, पंखा तिच्यावरून वारा ओढतो, आणि पन्नास अंशांच्या आसपास तिचा पुन्हा द्रव होतो. बीडच्या मे महिन्यातली हवा ४२ अंशांची असली, तरी पन्नास अंशांच्या नळीपुढं ती थंडच. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते, म्हणून ती निमूट बाहेर पडते. पुढं केसासारखी बारीक वाट असलेली एक नळी किंवा झडप लागते. तिच्यातून जाताना दाब एकदम उतरतो, द्रव गार होतो आणि पुन्हा आतल्या युनिटकडे निघतो. झालं वर्तुळ पूर्ण.

यात एक गंमत आहे, ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा खरी वाटेना. दीड टनाचा एसी तासभर पूर्ण ताकदीनं चालला, तर दीड युनिटच्या आसपास वीज खातो आणि खोलीतून सव्वापाच युनिटइतकी उष्णता बाहेर नेतो. एकाला साडेतीन! यात जादू नाही. वीज फक्त हमाली देते, माल आधीच खोलीत पडलेला असतो. पण बाहेर पडतात ती दोन्ही मिळून, म्हणजे पावणेसात. घरातल्या एक हजार वॉटच्या जवळजवळ सात शेगड्या बाहेरच्या बोळात पेटवून ठेवल्यासारखं. आपल्या मोहल्ल्यांतले बोळ किती रुंद असतात ते सांगायला नको. बाहेरचं युनिट समोरच्याच्या खिडकीवर तोंड करून बसवताना एवढं तरी आठवावं.

'टन' या शब्दाचीही एक कहाणी आहे. दीड टनाचा एसी म्हणजे वजन नव्हे. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फानंच मिळायचा. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं हिंदुस्थानात यायचा. १८३३ साली असा माल कलकत्त्याला उतरला आणि पुढं मुंबईतही येऊ लागला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. वखारीतला बर्फ गेला, त्याचं माप राहिलं. आणि पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र कोणा श्रीमंताच्या महालासाठी झालं नव्हतं. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं ती योजना आखली. म्हणजे आधी सोय कागदाची झाली, माणसाची नंतर. मुंबईत १९३३ साली सुरू झालेलं रीगल सिनेमागृह वातानुकूलित होतं. खेड्यापाड्यातल्या घरांपर्यंत ही गोष्ट यायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

आपल्याकडे मुळात प्रश्न असा, की एसी हवाच का? कूलर आहे ना? मराठवाड्यात हा प्रश्न बरोबर आहे. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी ठणठणीत असते. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, म्हणून वाळ्याचा किंवा गवताचा कूलर इथं जितका गार करतो, तितका मुंबईला करणार नाही. विजेलाही स्वस्त. पण कूलर पाणी पितो. दिवसभर चालला तर घागरीवर घागरी रिकाम्या होतात. ज्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्या उन्हाळ्यात कूलरची टाकी कोण भरणार? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. एसीला पाणी लागत नाही, उलट तो हवेतल्या वाफेचं पाणी करून थोडं पाणी देतो. पण वीज कुठून येते? आपल्याच जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे पाण्यापासून सुटका एसीवाल्याचीही नाही. फरक इतकाच, की त्याचं पाणी त्याला दिसत नाही.

आणि दोन्ही एकदम लावू नका. कूलर हवेत ओल भरतो, मग एसीची निम्मी ताकद ती ओल काढण्यात जाते. मृगाचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर हात टेकतो. तेव्हा एसीची किंमत कळते.

त्याआधी घराचा विचार. आपली जुनी माळवदाची घरं, दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंतींची, दुपारी चार वाजताही सुसह्य असायची, कारण ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. आता सहा इंची विटांची भिंत आणि वर सिमेंटचा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री आपल्यावर उलटतो. एसी घ्यायच्या आधी स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावा. एखाद्याला मग एसी लागणारही नाही, आणि लागलाच तर दीड टनाऐवजी एक टनात भागेल. पत्र्याच्या खोलीला एसी लावणं मात्र चाळणीत पाणी भरण्यासारखं आहे. तिथं आधी आतून छत करून घ्यावं. मापाचा अंदाज म्हणून दहा बाय दहाला एक टन, दहा बाय पंधराला दीड टन असं दुकानदार सांगतात. वरच्या मजल्याला, स्लॅबखाली, तो अंदाज कमी पडतो हे त्यांनी सांगायला हवं, ते सांगत नाहीत.

आता बसवण्याकडे येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

स्प्लिट म्हणजे दुभंगलेला. जुन्या खिडकीच्या एसीत सगळं एकाच पेटीत असतं, म्हणून कॉम्प्रेसरचा घरघराट उशाशी. स्प्लिटमध्ये आवाज करणारा भाग बाहेर आणि वारा देणारा आत, दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. एक बारीक, एक जाड. मिस्त्री लोक त्यांना सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दीड टनाच्या पुष्कळ एसींना दोन सूत आणि चार सूत अशी जोडी लागते. पण खरी जोडी ती, जी सोबतच्या पुस्तिकेत लिहिली आहे. या दोन्ही नळ्यांवर फोमचं आवरण हवं आणि वेगवेगळं हवं. बहुतेक स्प्लिटमध्ये दाब उतरवणारी बारीक नळी बाहेरच्या युनिटमध्येच असते, त्यामुळं बारीक नळीसुद्धा गारच असते. दोन्ही एकाच आवरणात कोंबल्या किंवा बारीक उघडी ठेवली, तर गारवा वाटेतच सांडतो आणि पावसाळ्यात भिंतीवर पाणी ठिबकतं.

आतलं युनिट जमिनीपासून साधारण सात-आठ फुटांवर, वर छतापर्यंत वीतभर जागा सोडून. ते वरूनच हवा ओढतं, छताला चिकटवलं तर त्याचा श्वास कोंडतो. वाऱ्याचा झोत थेट पलंगावर नको, म्हाताऱ्या माणसांची मान धरते. पट्टी लेव्हलमध्ये बसवायची. नंतर भिंतीला भोक, अडीच इंचांचं, आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. का? त्याच भोकातून पाण्याची नळी जाते. पाण्याला पंप नाही, ते स्वतःच्या वजनानंच वाहतं. नळी कुठंही वर चढली, मध्ये लोंबली, किंवा तिचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालं, की पाणी परत फिरतं आणि खोलीतल्या भिंतीवरून ओघळतं. लोक म्हणतात एसी खराब निघाला. एसी बिचारा चांगला असतो, उतार चुकलेला असतो. म्हणून झाकण बसवण्याआधी आतल्या पन्हळीत लोटाभर पाणी ओतून बघायचं. बाहेर धार पडली तर ठीक.

बाहेरच्या युनिटला सावली असली तर उत्तम, पण मोकळा वारा त्याहून महत्त्वाचा. हमालाला माल टाकायला जागा हवी, असं मी मघाशी म्हणालो. मागं निदान वीतभर आणि पुढं भरपूर मोकळं. पुष्कळ ठिकाणी शोभेसाठी त्याच्यापुढं लाकडी फळ्यांची जाळी लावतात किंवा बंद डक्टमध्ये एकावर एक चार-चार युनिटं टांगतात. मग एकाची गरम हवा दुसरा ओढतो, सगळेच तापतात, बिल सगळ्यांचंच वाढतं. गच्चीवरच्या एका ओळीच्या कठड्यावर त्याचं स्टँड ठोकू नये. चाळीसेक किलोचं थरथरणारं वजन पोकळ विटेत टिकत नाही. भक्कम भिंत, लोखंडी अँगल, चांगले फास्टनर, खाली रबर.

यापुढचं काम नाजूक. नळी कापायची ती कटरनं, करवतीनं नव्हे. करवतीचा तांब्याचा चुरा आत गेला तर तो त्या केसासारख्या वाटेत अडकतो. कापल्यावर आतली धार घासून काढायची, नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. मग नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवायचं. त्याला फ्लेअर म्हणतात. हा कर्णा आणि नट, एवढ्यावर गॅस अडलेला असतो. दाब किती? मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा भरतात. आर-३२ च्या यंत्रात उन्हाळ्यात जास्त दाबाच्या बाजूला चारशेच्या वर जातो. कर्ण्याला केसाएवढी चीर असली तरी गॅस महिना-दोन महिन्यांत निघून जाणार. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हा आपल्याकडचा सर्वमान्य समज इथून जन्मलेला आहे. बंद नळीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर गळती आहे. गळती शोधून न देता नुसता गॅस भरणारा मिस्त्री पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक तयार करून जातो.

नळ्या जोडल्या. आता त्यांच्यात आणि आतल्या युनिटमध्ये साधी हवा भरलेली आहे. गॅस कारखान्यातूनच येतो, पण तो बाहेरच्या युनिटमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मागं कोंडलेला असतो. तो सोडण्याआधी नळ्यांतली हवा काढायला हवी, त्यासाठी व्हॅक्युम पंप. ही पायरी वगळण्याचा मोह फार होतो. पंप जड, तो तीन मजले चढवायचा, पंधरा-वीस मिनिटं चालवायचा, मग बंद करून काटा हलत नाही ना हे आणखी थोडा वेळ बघायचं. दिवसाला पाच एसी लावायचे असतील तर हा वेळ जिवावर येतो. म्हणून काही जण एक नट सैल ठेवून थोडा गॅस सोडतात, हवेला फुस्स करून बाहेर ढकलतात, आणि म्हणतात झालं. तसं काम झालेला एसी पहिल्या दिवशी गारच करतो. म्हणून तर फसायला होतं.

राहिलेली हवा काय करते? ती गॅससारखी द्रव होत नाही, बाहेरच्या कॉइलमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढवते, वीज खाते. तिच्यातली ओल त्याहून वाईट. ती तेलाशी झोंबून हळूहळू आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरच्या वेटोळ्याचं इन्सुलेशन कुरतडते. दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जळतो, तोवर मिस्त्री कोण होता हे कोणाला आठवत नाही. एखाद्या घरानं एका हंगामाच्या कापसाचे पैसे त्यात घातलेले असतात. पंप ही ओल कशी काढतो तेही ऐकण्यासारखं आहे. दाब इतका उतरवतो, की नळीतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. महाबळेश्वरचंच तत्त्व, फक्त टोकाला नेलेलं. तेव्हा बसवणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारा, "व्हॅक्युम पंप आणलाय ना?" फोनवर विचारा, तो निघायच्या आधी. त्याचे दोनशे-तीनशे जास्त लागले तर द्या.

गळती तपासायला काही ठिकाणी दाब भरून बघतात. त्यासाठी नायट्रोजन वापरायचा. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला तर स्फोट होतो, माणसं मेलेली आहेत. गॅस सोडल्यावर जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं, हे घरच्या माणसालाही करता येतं. आणि नळी सोबत आलेल्या तीनेक मीटरपेक्षा लांब केली, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणं मीटरमागे काही ग्रॅम गॅस वाढवावा लागतो, काट्यावर तोलून.

गॅसबद्दल अजून थोडं. पूर्वीचा आर-२२ हवेतल्या ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो हटत गेला. आर-३२ ओझोनला अपाय करत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट, आणि थोडासा ज्वलनशीलही आहे. आपल्या महाराष्ट्रात शिरवळच्या कारखान्यात गोदरेजनं २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे एसी काढले. पृथ्वीला त्याचा ताप नगण्य, पण प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. म्हणून त्याचं प्रमाण कमी ठेवतात आणि दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यायची असते. दोन्ही बाबतींत जोडाजवळ विडी पेटवायची नाही, हे मी बसवणाऱ्यांनाही सांगतो आणि बघ्यांनाही.

वीज. फ्लॅटच्या किंवा घराच्या पंख्या-दिव्यांच्या वायरीवर एसी लावू नये. मीटरच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि खरा अर्थ. खरा म्हणतो, कारण आपल्याकडे तिसऱ्या पिनची वायर बोर्डाच्या मागं पुष्कळदा कुठंच जोडलेली नसते. धातूची पेटी, ओली गच्ची आणि अनवाणी माणूस, हे एकत्र आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर, पण आधी पुस्तिका बघा, काही यंत्रांना ठरावीक मर्यादेत तो लागत नाही. 'इन्व्हर्टर एसी' या नावानंही घोटाळा होतो. लाइट गेल्यावर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर तो चालेल, असं समजून घेतलेले लोक मला भेटले आहेत. तसं नाही. साधा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगानं चालतो किंवा बंद राहतो. इन्व्हर्टरवाला गरजेप्रमाणं वेग कमी-जास्त करतो. उतारावर सायकल हळू मारावी तसा. जो एसी रात्रभर चालतो त्याला तो परवडतो. तासभर लावायचा असेल तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला वेळ लागतो.

बिलाचा हिशोब घरीच करा. सरासरी तासाला एक युनिट धरलं आणि रात्री आठ तास चालला, तर महिन्याला २४० युनिट झाले. महावितरणचे दर शंभर आणि तीनशे युनिटांच्या पायऱ्यांवर चढतात, म्हणजे आधीच्या पंख्या-फ्रिजच्या बिलात हे मिळवलं की आपण महाग पायरीवर जातो. म्हणून रिमोटवर १६ आकडा लावण्याचा उपयोग नाही. १६ वर लावला म्हणून साधा एसी जास्त जोरात गार करत नाही, तो फक्त थांबतच नाही. १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार असलेले एसी २४ अंशांवर सुरू होतील असेच बनवायचा नियम आहे. २६ वर ठेवून छताचा पंखा एकवर लावला, तर बहुतेकांना पुरेसं होतं. माझ्यासारख्या वय झालेल्यांना तर रग लागतो.

दर पंधरवड्याला आतली जाळी काढून नळाखाली धुवायची. आपल्याकडच्या धुळीत महिनासुद्धा फार होतो. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, म्हणून सकाळी खिडक्या उघडा. घर बदलायचं असेल तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये परत ओढून घेता येतो. ते मात्र येणाऱ्या माणसाचंच काम आहे. नळीतून हवा आत ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटल्याच्या घटना आहेत.

शेवटी त्या पोराचं एक म्हणणं सांगतो. घर बांधतानाच बाहेरच्या युनिटची जागा ठरवा, असं तो प्रत्येकाला सांगतो. गच्चीवर, गॅलरीत, हात पोचेल तिथं. आपण ती जागा सोडत नाही आणि मग तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या सज्जावर पाय ठेवून, एक हातानं स्टँड धरून वीस-बावीस वर्षांचं पोर ड्रिल मारतं. खालून मालक ओरडत असतो, जरा वर घे, तिथं चांगलं दिसत नाही. कमरेला पट्टा नसतो. "पट्टा आहे हो चाचा," तो म्हणाला, "बांधायला हूक कुठंय भिंतीला?" एका लोखंडी हुकाला बांधकामाच्या वेळी शंभर-दोनशे रुपये लागतात. स्लॅब टाकताना सळईला वेल्ड करून ठेवला की पुढं रंगवाल्यालाही तो उपयोगी पडतो आणि टाकी धुणाऱ्यालाही. सेंट्रिंगवाल्याला सांगताना जागा खडूनं दाखवा, नाहीतर तो विसरतो.